टाके दाखव

सोहार बंदरामागच्या शेडमध्ये परांची कोसळली
तेव्हा तिच्यावर दोघं होते.
दोघंही डाव्या कुशीवर आदळले,
दोघांचीही तीच फुटली, बरगड्यांमागची,
मुठीएवढी, जांभळी,
जिचं नाव घ्यायची वेळ सहसा कुणावर येत नाही.

टेकेंद्र घर्ती, पाल्पा, नेपाळ.
नाडी एकशे बेचाळीस, वरचं प्रेशर सत्तर,
पोट फळीसारखं.
त्याचं काय करायचं हा प्रश्नच नव्हता.
थिएटरमधली म्हणाली, पोट उघडलं आणि रक्त बुटांपर्यंत.
ती ट्रेमध्ये निघाली, दोन तुकड्यांत.
मी पाहिली नाही. मी वॉर्डात मुनाफजवळ होते.

मुनाफ परकार, हर्णै. पूर्ण शुद्धीत.
"पोट ठीकाय सिस्टर, खांदा बघा, खांदा निखळलाय."
खांद्याला काही झालं नव्हतं.
रक्त आत साचतं, वरच्या पडद्याला टेकतं
आणि खांद्याच्या नावानं ओरडतं.
सीटीवर ग्रेड तीन. प्रेशर मात्र टिकून.
डॉक्टर एल-तय्यब सुदानचे, बोलणं मोजकं:
कापायचं नाही. राखण करायची.

मी मराठीत सांगितलं, पाणथरी फुटलीय तुझी.
तो हसला, दुखलं, थांबला.
"बोकडाची असते ती? ती आम्ही मांजराला टाकतो."

रात्री बारा वाजता हिमोग्लोबिन अकरा पॉइंट दोन.
सकाळी सहा, दहा पॉइंट एक.
दुपारी नऊ पॉइंट तीन,
आणि मी थिएटरला फोन केला, टेबल मोकळं ठेवा.
डॉक्टर खुर्ची ओढून तिथंच बसले.
तासातासाला तळहात चोळून गरम करायचे,
मग पोटावर ठेवायचे, डोळे मिटून,
आमच्या चंदगडला फणस जोखतात तसे.
खिडकीबाहेर स्मेल्टरचे दिवे,
ऑगस्टची हवा काचेला चिकटलेली.
हालू नकोस. खोकू नकोस. उठून बसू नकोस.
एवढंच औषध. आणि सलाईन.
संध्याकाळी सहा: नऊ पॉइंट तीन.
तोच आकडा दुसऱ्यांदा आला
तेव्हा मला आठवलं की सकाळपासून मी पाणी प्यायले नव्हते.

दहाव्या दिवशी कॅम्प बॉस फाइल घेऊन आला.
टेकेंद्रचा शर्ट वर केला:
छातीखालून बेंबीपार एकवीस स्टेपल.
मोबाइलवर फोटो काढला. दोन महिने रजा, पगारी.
मुनाफचा शर्ट वर केला.
पोट. केस. बेंबी.
"टाके दाखव."
"नाहीत."
"मग दहा दिवस झोपून केलंस काय?"

मी सांगितलं. आत खपली धरलीय,
एक शिडी, एक हिसका, आणि पुन्हा सुटेल.
तीन महिने वजन नाही.
त्यानं फॉर्मवर बोट ठेवलं,
जिथं छापलं होतं: शस्त्रक्रिया.
पुढं माझ्याच अक्षरात: नाही.
डॉक्टरांनी अरबीत तीन ओळी लिहून दिल्या, शिक्का मारला,
पुन्हा एकदा मारला, जोरात.
बॉसनं कागद घडी करून खिशात घातला.
पुढचं त्या खिशाला माहीत.

टेकेंद्रला तीन लसी दिल्या, एक कार्ड दिलं.
ताप आला, कितीही साधा, तर थांबायचं नाही, दवाखाना गाठायचा.
"गावाहून चार तास चालावं लागतं, दिदी."
मग ताप यायच्या आधीच निघायचं, असं म्हणणार होते.
गोळ्यांचं पाकीट दिलं. घरी कायम ठेव.
"किती दिवस?"
मी उत्तर दिलं नाही, तेव्हा त्याला कळलं.
कार्ड त्यानं पासपोर्टच्या कव्हरात सरकवलं.

डिस्चार्जच्या सकाळी मुनाफ त्याच्या पलंगाशी गेला,
स्टेपलच्या खुणा बोटानं मोजल्या.
"यातले दहा मला दे. बॉसला दाखवतो."
"घे. मला ताप आला की तुझी दे."
दोघं हसले, आणि हसू आवरायला
दोघांनीही डावी कूस दाबून धरली.
एकाच्या हाताखाली ती होती.